गुंता खाली, कारण वर

घरात शिवणयंत्र आलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. कापडाच्या वरच्या अंगाला टीप बरी दिसते, पण कापड उलटून बघावं तर खाली दोऱ्याचं जाळं झालेलं. मग शिकणारी बाई बॉबिन काढते, पुन्हा भरते, बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळून बघते. गुंता आणखी वाढतो. शेवटी ‘टेन्शन बिघडलंय’ असं निदान होतं, मशीनवर चादर पडते आणि पुढे कित्येक महिने त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग राहतो.

तो गुंता बॉबिनच्या दोऱ्याचा नसतो. वर निळा आणि खाली लाल असे दोन रंगांचे दोरे लावून चिंधीवर एक टीप मारून बघा. खालचं जाळं निळं निघेल. म्हणजे खाली साचलेला सगळा दोरा वरच्या रिळावरून आलेला आहे. वाटेत त्याला कुणी अडवलं नाही, म्हणून तो सैल सुटून खाली जमा झालाय. दोष दिसतो खाली आणि असतो वर. मशीन शिकताना ही एक गोष्ट नीट समजली, तर कारागिराला बोलावण्याच्या निम्म्या वेळा टळतील असं मला वाटतं. पण ती नुसती पाठ करून उपयोग नाही. टाका कसा पडतो हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

त्यासाठी मशीनला दोरा ओवलेला असू द्या, पण पायडलवरून पाय काढा आणि विजेची मशीन असेल तर बटण बंद करा. सुईच्या डावीकडची सरकती पत्री बाजूला करा आणि उजव्या हाताने चाक अगदी हळू, आपल्या दिशेने फिरवा. सुई कापडात शिरते आणि नेढ्यातला दोरा खाली नेते. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. म्हणून मशीनच्या सुईला कापडातून आरपार जावं लागत नाही; ती फक्त डोकं खाली घालून परत येते. सुई सगळ्यांत खाली पोचली की क्षणभर काहीच होत नाही. मग ती वर निघते, आणि जेमतेम दोन मिलिमीटर वर आली की खरी गंमत दिसते. कापडाने दोरा एका बाजूने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो सुईबरोबर वर न जाता सुईच्या पाठीशी जरासा फुगतो. त्याचा एक इवलासा फासा तयार होतो. नेमक्या त्याच वेळी पत्रीखाली फिरणाऱ्या शटलचं टोकदार नाक तिथे येतं आणि त्या फाशात घुसतं.

चाक फिरवत राहा. शटल तो फासा ओढून मोठा करतं आणि बॉबिन केसच्या भोवती फिरवून पलीकडे सोडून देतं. म्हणजे प्रत्येक टाक्याला वरचा दोरा अख्ख्या बॉबिनला प्रदक्षिणा घालून येतो. बॉबिन मात्र जागच्या जागी. हे शक्य होतं, कारण बॉबिन केस मशीनला कुठेही घट्ट जोडलेली नसते. ती गरगर फिरू नये इतपत तिला अडवलेलं असतं आणि तिच्याभोवती सगळीकडे दोरा निसटेल एवढी फट ठेवलेली असते. त्या फटीत सुती कापडाची लव साचली की काय होईल, हे आता सांगायला नको.

फासा पलीकडे गेला की वर ओढायचं काम समोरच्या वर-खाली होणाऱ्या दांड्याचं, टेक-अप लिव्हरचं. तो वर जाताना सैल दोरा खेचून घेतो, आणि वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकून कापडाच्या जाडीत मधोमध बसतो. टाका पूर्ण. एका टाक्यासाठी हा दांडा सात-आठ सेंटिमीटर दोरा खाली सोडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत वर घेतो. कापडात राहतो तो तीन-एक मिलिमीटर. याचा अर्थ दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात कायमचा बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून वीस-तीस वेळा तरी खालीवर घासला जातो. स्वस्त, गाठाळ किंवा वर्षानुवर्षं कपाटात पडून कुजलेला दोरा हाताने टाका घालताना चालून जातो आणि मशीनवर दर वीतभर शिवणीला तुटतो, तो यामुळे.

आता गुंत्याकडे परत येऊ. टेक-अप लिव्हरने सैल दोरा वर खेचायचा, तर त्याला रिळाच्या बाजूने कुणीतरी धरून ठेवायला हवं. नाहीतर दांडा खालचा दोरा ओढण्याऐवजी रिळावरून नवा दोरा ओढून घेईल आणि फासे खालीच राहतील. हे धरून ठेवायचं काम टेन्शनच्या दोन गोल चकत्या करतात. त्यांच्यामधून दोरा जातो आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबते. यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक नवशिक्यांना कुणी सांगतच नाही: सुईजवळचा फूट वर उचलला की या चकत्या सैल होतात आणि खाली टेकवला की आवळतात. फूट खाली असताना दोरा ओवला, तर तो मिटलेल्या चकत्यांच्या काठावरच राहतो, आत शिरत नाही. बाहेरून बघताना सगळं बरोबर ओवलेलं दिसतं. शिवायला घेतलं की खाली जाळं.

म्हणून गुंता झाला की स्क्रूला हात लावू नका. फूट वर करा, कापड काढा, दोरा रिळाजवळ कापा आणि सुईच्या बाजूने ओढून काढून टाका. उलट्या दिशेने ओढला तर त्याच्या गाठी आणि लव चकत्यांत अडकते. मग फूट वरच ठेवून पहिल्यापासून ओवा: रिळाची काडी, वरची कडी, टेन्शनच्या चकत्या, त्यांच्या कडेची बारीक तारेची स्प्रिंग, टेक-अप लिव्हर, खालच्या कड्या, शेवटी सुई. सुईत ओवण्याआधी एक परीक्षा घ्या. फूट वर असताना दोरा ओढा, तो सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, हाताला ओढ जाणवायला हवी. दोन्हीत काही फरक जाणवला नाही, तर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. या एका परीक्षेला दहा सेकंद लागतात. टेक-अप लिव्हर चुकून सुटला असेल, तर बघायलाच नको, दोन-तीन टाक्यांतच मशीन अडकते.

सुरुवातीच्या गुंत्याचं आणखी एक कारण असतं. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची टोकं बोटभर सोडून शिवायला सुरुवात केली, तर पहिल्या फाशाबरोबर ती आत खेचली जातात. दोन्ही टोकं चांगली चार-पाच इंच बाहेर काढून, फुटाखालून मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवावीत. सुरू करताना आणि थांबताना टेक-अप लिव्हर सगळ्यांत वर असावा. तो अर्ध्यात असताना कापड ओढून काढलं तर दोरा सुईतून निसटतो, नाहीतर सुई वाकते. पातळ कापडाचा कोपरा सुईखालच्या पत्रीच्या भोकात खेचला जात असेल, तर आधी एका चिंधीवर शिवायला सुरुवात करून तिथूनच थेट कापडावर जावं. जॉर्जेट किंवा शिफॉन असेल तर खाली वर्तमानपत्राची किंवा बटर पेपरची पट्टी ठेवून शिवतात आणि नंतर ती फाडून काढतात.

सुईबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण घरोघरी सगळ्यांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होतं. मशीनबरोबर आलेली सुई मोडेपर्यंत वापरायची, असा एक अलिखित नियमच आहे. मोडणं ही तर सुईची शेवटची अवस्था. त्याच्या बऱ्याच आधी तिचं टोक बोथट झालेलं असतं. सुई कापडात शिरताना ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला, टेरिकॉटमध्ये धागे ओढले जाऊ लागले, मधले टाके सुटू लागले, की सुई संपली असं समजावं. साधारण आठ-दहा तास शिवण झाली की सुई बदलावी, असं जाणकार सांगतात. आपल्या एकूण शिवणखर्चात तिची किंमत नगण्य असते.

सुईकडे उजेडात धरून बघा. वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो. त्याच्या विरुद्ध बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत एक लांब खाच असते, आणि चपट्या बाजूला नेढ्याच्या वर एक छोटासा खोलगट भाग. सुई खाली जाताना दोरा लांब खाचेत दडून राहतो, म्हणून कापडाला घासत नाही. दुसऱ्या बाजूला खाच नसल्यामुळे तिथे तो कापडात अडकतो आणि मघाशी पाहिलेला फासा त्याच बाजूला फुगतो. तो खोलगट भाग शटलच्या नाकाला सुईजवळून जाता यावं म्हणून. सुई उलटी बसवली तर फासा चुकीच्या बाजूला तयार होतो, शटलला तो सापडत नाही आणि टाका पडतच नाही. नियम एकच: दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. आपल्याकडच्या काळ्या सरळ टिपेच्या मशीनवर तो साधारणतः डावीकडून उजवीकडे ओवतात, झिगझॅग मशीनवर पुढून मागे. सुईच्या अगदी वरची शेवटची कडी ज्या बाजूला असेल, त्या बाजूने ओवायचा, हेही लक्षात ठेवायला सोपं. सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. जराशी जरी खाली राहिली तरी फासा आणि शटल यांची वेळ चुकते. दोन मिलिमीटरचा सगळा खेळ आहे.

पाकिटावर दोन आकडे असतात, 90/14 किंवा 75/11 असे. मोठा आकडा म्हणजे सुईच्या पात्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 90 म्हणजे 0.90 मिलिमीटर. धाकटा आकडा जुन्या पद्धतीचा आणि आपल्याकडच्या दुकानांत तोच चालतो: अकरा नंबर, चौदा नंबर, सोळा नंबर. मलमल, व्हॉइल, शिफॉनसारख्या तलम कापडाला नऊ ते अकरा. टू बाय टू, रुबिया, पॉपलीन, खण अशा ब्लाऊज-परकराच्या नेहमीच्या कापडाला बारा किंवा चौदा. डेनिम, जाड पिशव्यांचं कापड आणि अनेक पदरी गोधडीला सोळा किंवा अठरा. टी-शर्टसारख्या विणीच्या ताणणाऱ्या कापडाला वेगळी, किंचित गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईने त्यावर टाके सुटतात आणि मशीन उगाच बदनाम होते. कारखान्यातल्या जलद मशीनच्या सुईचा दांडा सगळीकडून गोल असतो, ती घरगुती मशीनला चालत नाही. दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्यावी हे उत्तम.

दोरा सुईला जुळतो की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. हातभर दोरा घ्या, सुटी सुई त्यात ओवा आणि दोरा दोन्ही हातांनी तिरका, ताणून धरा. सुई आपल्या वजनाने सरसर खाली आली तर जोडी जमली. अडकत अडकत आली तर दोरा जाड आहे किंवा नेढं लहान आहे.

एवढं सगळं तपासून झालं आणि टीप अजून नीट नाही, तरच टेन्शनच्या स्क्रूकडे जावं. आणि तेव्हासुद्धा आधी टीप वाचावी. कापडाखाली लाल दोरा तारेसारखा सरळ पडलाय आणि त्यावर निळ्याचे फासे दिसताहेत, म्हणजे वरचं टेन्शन सैल. कापडावर निळा सरळ पडलाय आणि जागोजागी लाल ठिपके वर आलेत, म्हणजे वरचं टेन्शन जास्त, किंवा बॉबिनचा दोरा केसच्या पट्टीखालून निसटलाय. दोन्ही बाजूंनी टाके सारखे दिसले की झालं. आणखी एक परीक्षा म्हणजे कापडाचा तुकडा तिरका कापून त्यावर, म्हणजे बायसवर, टीप मारायची आणि ती हिसका देऊन ताणायची. जो दोरा तुटेल तो जास्त आवळलेला. वरचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि प्रत्येक वेळी चिंधीवर शिवून बघावं.

बॉबिन केसच्या स्क्रूला मात्र शक्यतो हात लावू नये. तो इतका बारीक असतो की एकदा निसटून फरशीवर पडला की सापडत नाही. केसची परीक्षा स्क्रू न फिरवताही घेता येते. बॉबिन आत घालून दोरा फटीतून घेऊन पट्टीखालून बाहेर काढा, दोऱ्याच्या टोकाला धरून केस लोंबकळत ठेवा आणि हाताला हलका झटका द्या. केस जराशी खाली येऊन थांबली तर ताण बरोबर. सरसरत खाली गेली तर सैल, हललीच नाही तर जास्त. पण त्याआधी पट्टीखाली लवेचा कण अडकलाय का ते बघा. बऱ्याच वेळा कागदाची कड फिरवून तो कण काढला की ताण आपोआप जागेवर येतो. बॉबिन भरताना दोरा बोटाने सैल सोडून भरलेला असेल, तर तो थरांत रुततो आणि खालून धक्के बसत येतो. मशीनच्या बॉबिन भरायच्या छोट्या चकतीतून घेऊनच भरावा. शेवटी बॉबिन कोणत्या बाजूने घातली हेही बघावं. काळ्या मशीनच्या केसमध्ये बॉबिन घालून दोरा पट्टीखालून ओढला की बॉबिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवी.

इथे थोडं इतिहासात जायला हवं, कारण आज आपण ज्याला दुरुस्ती म्हणतो त्यातूनच हे यंत्र सुधारत आलंय. टोकाजवळ नेढं आणि खाली दुसरा दोरा, ही कल्पना अमेरिकेत वॉल्टर हंटने 1830च्या दशकात वापरली होती, पण त्याने तेव्हा पेटंट घेतलं नाही. ते मिळालं एलायस हाउला, 1846 साली. पुढे 1850 मध्ये बॉस्टनला ऑर्सन फेल्प्स नावाच्या माणसाच्या कारखान्यात एक शिवणयंत्र बनवलं आणि दुरुस्त केलं जायचं. त्याचं शटल गोल फिरायचं आणि दर फेरीला दोऱ्याचा पीळ उलगडायचं, म्हणून दोरा सारखा तुटायचा. आयझॅक सिंगरने ते बघितलं, शटल सरळ मागे-पुढे जाईल असं केलं, वक्र सुईच्या जागी सरळ खालीवर जाणारी सुई आणली आणि 1851 मध्ये पेटंट घेतलं. कापड आपोआप पुढे नेणारे दाते दिले ॲलन विल्सनने, 1854 मध्ये. वर येणं, पुढे जाणं, खाली बुडणं, मागे येणं, अशी त्यांची चार पावलं आजही तशीच आहेत. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली एका मुलाखतीत सिंगरच्या शिवणयंत्राचा खास अपवाद केला होता. ज्या यंत्राने घरातल्या माणसाचे हात मोडणारे कष्ट कमी होतात, ते त्यांना मान्य होतं.

विल्सनचे ते दाते समजले की आणखी एक सवय सुटते, कापड मागून ओढायची. नवशिक्याला वाटतं, कापड सरकत नाहीये, आपण मदत करावी. पण सुई कापडात असताना ओढलं की ती वाकते, पत्रीवर आपटते आणि मोडते. सुया मोडण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे. कापड न्यायचं काम दात्यांचं, हातांचं काम फक्त दिशा दाखवायचं. कापड खरंच सरकत नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आहे का ते बघा. नेहमीच्या शिवणीला अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके, पुरतात. भरतकामासाठी दाते खाली पाडायची सोय असेल तर ते पाडलेले राहिलेत का बघा. मग पत्री काढून दात्यांच्या फटींत ब्रश फिरवा. तिथे लवेचा अक्षरशः नमदा बसलेला निघतो. जीन्सची दुमडलेली शिवण चढताना फूट तिरका होऊन अडतो. त्याच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची घडी केलेली चिंधी सरकवली की तो सपाट होतो आणि चालू लागतो.

पायडलच्या मशीनवर सुरुवातीला एक वेगळीच अडचण येते. टाच आणि चवडा यांची लय साधेपर्यंत चाक उलटं फिरतं, आणि एक-दोन उलट्या फेऱ्यांतच दोरा शटलमध्ये अडकून तुटतो. म्हणून पहिले काही दिवस दोरा न ओवताच सराव करावा. आधी फूट वर ठेवून नुसतं पायडल चालवायचं, चाक हाताने आपल्याकडे फिरवून सुरू करायचं. मग एक जुनी सुई लावून वहीच्या रेघी कागदावर रेघांवरून सरळ शिवायचं, पुढे वर्तुळं आणि कोपरे. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून फूट उचलायचा आणि कागद फिरवायचा. कागदावर रेघ सोडून गेलेलं भोक लगेच दिसतं, त्यामुळे कापडापेक्षा कागदावर हात लवकर बसतो. विजेच्या मशीनवरही हाच सराव करावा, फक्त तिथे पायाचा जोर आवरायला शिकायचं असतं.

तेलाबद्दल थोडक्यात. मशीनचं पातळ, पांढरं तेलच वापरावं. खोबरेल थंडीत गोठतं, खाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन बसतं आणि मग मशीन जड चालते. प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरेत, नंतर चिंधीवर थोडं शिवून जास्तीचं तेल काढून टाकावं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सुईपत्री आणि शटलवर गंज चढतो, तेव्हा महिनाभर मशीन बंद राहणार असेल तर तेलाचा हात फिरवून ठेवावा. पायडलचा चामडी पट्टा ताणून सैल झाला की चाक घसरतं. पट्ट्याच्या जोडाची तारेची कडी पकडीने उघडायची, पट्टा अर्धा इंच कापायचा, नवं भोक पाडून कडी परत मिटायची. बॉबिन भरल्यावर चाकाच्या मधला स्क्रू आवळायचा राहिला, तर चाक फिरतं पण सुई हलत नाही. यात काहीही बिघडलेलं नसतं.

आज हे सगळं लिहावंसं वाटलं त्याला एक कारण आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत 2023पासून शिवणकाम करणाऱ्यांनाही अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागातूनही गावोगाव शिलाई मशीन दिल्या जातात. शिवणक्लासमध्ये ब्लाऊजचं कटिंग, कटोरी, बाह्यांचा गोल, सगळं मन लावून शिकवतात. मशीनची ओळख मात्र पहिल्या दिवशी तासाभरात उरकतात. मला हे अगदी चुकीचं वाटतं. गावात दुरुस्तीवाला तालुक्याहून यावा लागतो, त्याची वाट बघण्यात शाळेचे गणवेश किंवा लग्नसराईची कामं हातची जातात. ज्या बाईला सुई, ओवणं, बॉबिन, लव हा क्रम माहीत आहे, तिची मशीन त्याच दिवशी पुन्हा सुरू होते. क्लासचे पहिले आठ दिवस कात्रीला हात न लावता फक्त मशीन उघडण्यात, ओवण्यात आणि मुद्दाम चुकीचं ओवून गुंता करून बघण्यात गेले, तर पुढचं सगळं सोपं होईल.

काही कामं मात्र कारागिराचीच. सुई नवी आहे, बरोबर बसवलीय, दोरा चांगला आहे, तरी सरळ सुती कापडावरही टाके सुटताहेत, म्हणजे सुई आणि शटल यांची वेळ सरकलेली असू शकते. ती जुळवायला सराव लागतो. सुई पत्रीवर आपटून भोकाच्या कडेला खरवड आली असेल तर दोरा तिथे कातरतो. कड बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागली तर पत्री घासून किंवा बदलून घ्यावी. शटलच्या नाकाला ओरखडा असेल तर तेच. अशा वेळी कारागिराला नुसतं ‘मशीन चालत नाही’ म्हणू नका. दोन रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेला तो बिघडलेला तुकडा जपून ठेवा आणि त्याच्या हातात द्या. कोणती सुई, कोणता दोरा, कोणतं कापड हेही सांगा. चांगला कारागीर आधी तुकडा उलटून बघेल आणि मगच मशीनचं झाकण उघडेल. तो शटल काढायला लागला की शेजारी उभं राहून बघा, आणि प्रत्येक स्क्रू कशासाठी सैल केला हे त्याला विचारा.